घरातल्या जाणत्या माणसाचं आयुष्य कसं गोळा करावं: आबांच्या पुस्तिकेवरून शिकलेलं

तेरवीची पत्रिका छापायला गेलो तेव्हा डीटीपीवाला पोरगा म्हणाला, "नाव, वय अन् गाव तेवढं सांगा. बाकी मजकूर तयार हाय." खरंच तयार होता. कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी, कुटुंबवत्सल. टेबलावर आणखी दोन पत्रिका सुकत पडल्या होत्या. त्यांतले दोन म्हातारेही तसेच होते, एका अक्षराचा फरक नाही.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, कष्टाळू होते, कुटुंबवत्सल तर होतेच. पण ती पत्रिका वाचून त्यांना गावातल्या कुत्र्यानंही ओळखलं नसतं. म्हणून पहिल्या पुण्यस्मरणापर्यंत त्यांची एक पुस्तिका करायची असं ठरवलं. परभणी जिल्ह्यातलं गोदाकाठचं गाव, कोरडवाहू शेती, सात लेकरं, नव्वद वर्षांचं आयुष्य. पुढारी नाहीत, ताम्रपट नाही, पेपरात कधी फोटो नाही. अशा माणसावर चौसष्ट पानं भरतील का, असं थोरल्या काकांनी विचारलं होतं. शेवटी पानं कमी पडली. ते काम कसं करावं आणि आम्ही कुठं चुकलो, ते इथे सांगतो. तुमचे आबा, अप्पा, तात्या, दादा हयात असतील तर तुमचं निम्मं काम सोपं आहे. आजच सुरू करा.

एक नियम सगळ्या कामाला लागू ठेवा. विशेषण आलं की खोडायचं आणि त्या जागी माणसाने हाताने केलेलं काम लिहायचं. "कुटुंबवत्सल" हा शब्द आम्ही खोडला आणि त्या जागी आत्याचं वाक्य आलं. बहात्तरच्या दुष्काळात आबा खडी फोडायला जायचे, कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे तिथं वाटायचा कोरडा खाऊ, तिथं खायचे नाहीत, धोतराच्या सोग्याला बांधून आणायचे आणि संध्याकाळी पाच लेकरांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवायचे. ती थोडी खारट लागायची, धोतराला घाम असायचा म्हणून. एवढ्यावर काम झालं.

पहिलं काम: माणसं गाठा, कागद थांबतात

बहुतेक जण आधी पेटी उघडतात. कागद अजून दहा वर्षं पेटीत राहतील. ऐंशीच्या पुढची आत्या राहील का, सांगता येत नाही. एका वहीत जे जे आबांना ओळखत होते त्यांची नावं लिहा. समोर वय आणि तब्येत लिहा. मानपान, नातं, कोण मोठ्या घरचं हे सगळं बाजूला ठेवून जो सगळ्यात थकलेला, त्याच्याकडे आधी जा.

आमची मोठी चूक इथेच झाली. आबांच्या शेतात एकवीस वर्षं सालानं राहिलेला गडी शेजारच्या वाडीत होता. "तो काय, कधीही भेटेल," म्हणून त्याला शेवटी ठेवलं. दिवाळीनंतर गेलो तर महिनाभरापूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, बोलणं बंद. त्याच्या बायकोनं जे सांगितलं तेवढंच हाती आलं. आबा दर पाडव्याला साल ठरवताना त्याच्याशी कसे बोलायचे, उचल किती द्यायचे, पावसाळ्यात आखाड्यावर कोण झोपायचं, हे सांगणारा दुसरा माणूस नव्हता.

थोरल्या लेकापासून सुरुवात करू नका, असं माझं मत झालंय. थोरल्या लेकाला जमीन, बांध आणि कोर्टाच्या तारखा पाठ असतात. बापाच्या लहानपणाचं बहिणीला ठाऊक असतं. आजारपण, राग, जेवणाच्या खोडी लेकींना ठाऊक असतात. आणि सुना! सुनांना म्हातारपणातली शेवटची वीस वर्षं ठाऊक असतात. ती दुसऱ्या कुणीच नीट पाहिलेली नसतात. पण सुनेशी बोलायचं तर सासू-नणंदा नसताना बोला. माझ्या चुलतीनं बैठकीत तीन वाक्यं सांगितली. चुलीपुढं एकटी असताना दीड तास बोलली.

नात्याबाहेरची माणसंही धरा. आडत्याचा मुनीम, भजनी मंडळातला मृदंगवाला, ज्याच्या दुकानात ते चहाला बसायचे तो, ज्याच्याशी बांधावरून वाजायचं तो शेजारीसुद्धा. भांडणातल्या माणसाला तारखा पक्क्या आठवतात.

विचारायचं कसं

"आबा कसे होते?" असं विचारलंत की उत्तर एकच येतं: "देवमाणूस." त्याच्यापुढं काही निघत नाही. प्रश्न वस्तूला धरून विचारा. कोपरीच्या खिशात काय असायचं? पानाची चंची होती का, तिच्यात चुना कुठल्या डबीत? न्याहारीला भाकरी कशाबरोबर? बाजारातून आल्यावर पिशवी कुणाच्या हातात द्यायचे? कुणाच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत आणि कधीपासून प्यायला लागले? हा शेवटचा प्रश्न जपून विचारा, पण विचारा. त्याच्या उत्तरात अख्ख्या गावाचा इतिहास असतो.

सगळ्यात उपयोगी पडली ती घराच्या नकाशाची युक्ती. आमचा जुना माळवदाचा वाडा पडून पंचवीस वर्षं झाली. मी एका मोठ्या कागदावर चौकोन काढला आणि आत्याला म्हणालो, "ढेलजेतून आत ये." ती बोटानं चालायला लागली. ही ओसरी, इथं आबांची बाज. हा खांब, याला कंदील. ही देवळी, इथं आबा चष्मा ठेवायचे. हे माजघर, इथं पेव, पेवात उतरायला आधी कंदील सोडायचा, तो विझला तर उतरायचं नाही. "अन् हितं," ती थांबली, "हितं माझी धाकटी बहीण गेली. आबा तिला मांडीवर घिऊन रातभर बसले व्हते." त्या बहिणीचं नाव आमच्या पिढीत कुणालाच ठाऊक नव्हतं. थेट विचारलं असतं तर आत्यानं ते सांगितलं नसतं, कारण तिलाही ते आठवत नव्हतं. बोट तिथं गेलं तेव्हा आठवलं.

म्हाताऱ्या माणसाला सकाळी चहा झाल्यावर गाठावं. तासाच्या वर बसू नये, ते थकतात आणि मग लवकर सुटका व्हावी म्हणून हो ला हो करतात. दोन भावांना कधी कधी एकत्र बसवा. ते भांडतील, पण भांडणातून साल पक्कं होतं.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. तो विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी जावयाचा फोन येतो. टॉवेलाची घडी करून त्यावर मोबाइल ठेवा, बोलणाऱ्याच्या छातीपासून हातभर अंतरावर. लोखंडी पलंगावर ठेवलात तर प्रत्येक हालचालीचा आवाज येतो. पंखा आणि टीव्ही बंद. सुरुवातीला आपणच बोला: आज तारीख अमुक, गाव अमुक, समोर आत्या बसली आहे. फोन कशासाठी चालू केलाय हे आधी सांगायचं, लपवून रेकॉर्ड करायचं नाही. कुणी रडायला लागलं तर पाण्याचा तांब्या पुढं करा आणि गप्प बसा. "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणून विषय बदलू नका. त्या शांततेनंतर जे बोललं जातं तेच बहुतेक पुस्तकात येतं.

एक तासाचं बोलणं शब्दन् शब्द उतरवायला चार-पाच तास लागतात. मोबाइलवर मराठीत बोलून टंकता येतं, पण आपल्याकडचं "जायलो", "करायलास", "कामून" त्याला झेपत नाही, काहीच्या काही उमटतं. म्हणून आधी नुसतं ऐकून वहीत मिनिटं टिपा: १२ व्या मिनिटाला विहिरीची गोष्ट, ३१ व्या मिनिटाला शाळा. लागेल तेवढंच उतरवा. आणि उतरवताना भाषा "शुद्ध" करू नका. आत्या "मी म्हणलं, आबा, कामून रडायलाव?" असं म्हणाली असेल तर तसंच छापा. "मी म्हणाले, बाबा, का रडत आहात?" असं केलंत की बाई परक्या गावची होते.

साल काढणं

आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जून. निम्म्या मराठवाड्याचा १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना अंदाजानं वय मोजलं आणि तारीख ठोकून दिली. आबांच्या दाखल्यावर १ जून १९३७ आहे. पण आबा सांगायचे की पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे १९४८ ला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या तेव्हा, ते एकटे बैलगाडी हाकत घरातल्या बायकांना नदीपलीकडं सोडून आले. अकरा वर्षांचं पोर रात्री चार बायका घेऊन गाडी हाकेल? दोन्हींतलं एक खोटं होतं.

गाठ सोडवली आबांच्या थोरल्या बहिणीनं. ती म्हणाली, "पोळ्याच्या आवसेला गिरान लागलं व्हतं. मायला दिवसभर गिरान पाळाय लावलं, पोटुशी व्हती ना. मंग पितरपाटात हे झालं." जुनी पंचांगं पाहिली. १९३३ साली २१ ऑगस्टला श्रावण अमावस्या होती आणि त्या दिवशी सूर्यग्रहण झालं होतं. त्यानंतरचा पितृपक्ष म्हणजे सप्टेंबर १९३३. म्हणजे पोलीस ॲक्शनला आबा पंधरा वर्षांचे होते आणि गाडीची गोष्ट खरी होती. दाखला चार वर्षांनी खोटा होता.

हीच रीत तुम्हीही वापरा. माणसाला साल आठवत नाही, पण सालाच्या शेजारचं काहीतरी आठवतं. आपल्या भागात अशा खुणांचे दगड भरपूर आहेत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ ला निजामाची शरणागती झाली. देश स्वतंत्र होऊन तेरा महिने उलटले होते. म्हणून "स्वातंत्र्य मिळालं तेव्हा" असं कुणी म्हणालं तर कोणतं, ते विचारून घ्या. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. साठच्या दशकात शेतात हायब्रीड ज्वारी आली. ती आल्यावर "भाकरीची चवच गेली" असं आबा मरेपर्यंत म्हणायचे. १९७२ चा दुष्काळ, मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी, पाझर तलावांची कामं. जायकवाडीची कोनशिला १९६५ ला बसली आणि उद्घाटन १९७६ ला झालं. पैठण, गंगापूर, शेवगावकडच्या धरणग्रस्त घरांत सगळ्या तारखा "धरणाच्या आधी" आणि "धरणानंतर" अशाच असतात. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट: गणपती बुडवून लोक झोपले होते आणि चार वाजायच्या सुमारास किल्लारीला जमीन हलली. "भूकंपाच्या वर्षी लेकरू रांगत होतं" एवढं कळलं तरी तुमचं साल निघतं.

निजामकाळातल्या कागदांवर फसली साल असतं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी इराणी. ढोबळ हिशोब असा: ऑक्टोबर ते डिसेंबरमधली नोंद असेल तर ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांतली असेल तर ५९१. फसली १३५८ म्हणजे १९४८ चा ऑक्टोबर ते १९४९ चा सप्टेंबर. शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमधली नोंद असेल तर ७९.

पैशाचं बोलणं निघालं की आणखी एक प्रश्न ठेवा: हाळी का कलदार? निजामाचा रुपया हाळी, इंग्रजांचा कलदार. सात हाळी रुपये म्हणजे सहा कलदार, असा विलीनीकरणानंतरचा भाव होता, आणि हाळी नाणं चलनातून पुरतं गेलं ते १९५९ ला. "बैलजोडी ऐंशीला घेतली" यातला ऐंशी कुठला, हे न विचारता लिहिलंत तर म्हातारी माणसं हसतील.

कागद

कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून मराठवाड्यातल्या घराघरात खासरा पत्रक, पाहणी पत्रक, प्रवेश निर्गम उतारा हे शब्द पोरासोरांच्या तोंडी आलेत. लोक तहसीलला रांगा लावून पणजोबाचं नाव शोधत होते. त्या रांगेत मिळालेली झेरॉक्स तुमच्याही घरात असेल, तर ती जातीच्या रकान्यापुरती न पाहता पूर्ण वाचा. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात शेताचं क्षेत्र, कसणारा कोण, हे असतं. आमच्याकडं त्यातून कळलं की ज्या शेताला घरात "आपलं वडिलोपार्जित" म्हणतात ते तेव्हा आबा बटईनं करत होते. मालकीचं पुढं झालं. फेरफाराचा उतारा काढल्यावर साल मिळालं आणि आत्यानं गोष्ट पुरवली: त्या शेतासाठी आजीच्या पाटल्या गेल्या होत्या.

म्हणून क्रम असा ठेवा. सातबारा घ्या, त्यावरचे फेरफार क्रमांक टिपा, जुने फेरफार तलाठी किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागा. फेरफारात वारसांची नावं असतात, म्हणजे वंशावळही तपासून होते. शाळेच्या प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा मागा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये पाहा.

जिल्हा कोणता, हे आधी नीट बघा. जालना जिल्हा १९८१ ला झाला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला. जुने कागद मूळ जिल्ह्याच्या दप्तरात असू शकतात. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. तिथले लोक लातुरात शोधून दमतात.

कागद उर्दूत किंवा मोडीत निघाला तर अंदाजानं वाचू नका. मोडीसाठी मोडी जाणणारा शोधा, उर्दूसाठी गावातल्या किंवा तालुक्यातल्या जुन्या मुस्लिम शिक्षकांना भेटा. आमचा एक कागद वाचणाऱ्या गुरुजींनी चहासुद्धा आम्हालाच पाजला. नुसता अर्थ नको, शब्दन् शब्द काय लिहिलंय ते त्यांच्याकडून सांगवून घ्या आणि रेकॉर्ड करा.

सरकारी दप्तराबाहेरची खाणही मोठी आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. तुमचा कुणी पूर्वज तिथं विधीला गेला असेल तर त्याची सही किंवा अंगठा, सोबत भावांची, लेकरांची नावं मिळतात. गाव आणि आडनाव सांगून विचारायचं. घरात आडत्याच्या पट्ट्या असतील, सोसायटीचं पुस्तक असेल. सेलू-मानवतच्या बाजारातली कापसाची एक पट्टी म्हणजे त्या वर्षीचं लग्न, कर्ज, विहीर सगळं असतं. आबांनी एका पट्टीच्या मागं पेन्सिलनं लिहिलं होतं: "बाईच्या साड्या २, खत राहिले." खत राहिलं, साड्या आल्या.

मूळ कागद लॅमिनेट करू नका, एकदा गरम प्लास्टिकमध्ये गेला की परत निघत नाही. सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, आहे तसाच फ्रेमसकट, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, थोडा तिरका धरून टिपा. सुटे फोटो स्कॅन करताना ३०० डीपीआय, पासपोर्टएवढा लहान असेल तर ६००. व्हॉट्सॲपवर मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" हे चार वेळा सांगा. नुसता फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि छापल्यावर आबांच्या मिशा ढगासारख्या दिसतात. फोटोच्या मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं. आणि नावं आजच लिहा. आमच्याकडं १९६५ च्या आसपासचा एक ग्रुप फोटो आहे. त्यातला आबांच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला माणूस कोण, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

जे बोलायला जड जातं

रझाकाराच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, दिवसांची गोष्ट प्रत्येक घरात आहे. कोण कुठं पळालं, कुणी बार्शी-सोलापूरकडं जाऊन जीव वाचवला, कुणाच्या कडब्याच्या गंजी जळाल्या. ती विचारताना त्याच्या पुढच्या आठवड्यांचंही विचारा. पोलीस ॲक्शननंतर बऱ्याच गावांत मुसलमानांच्या घरांवर चाल झाली. ते पाहायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती, तिचा अहवाल लोकांसमोर यायला २०१३ उजाडलं. आबांनी गाडी भरून नदीपलीकडं नेलेल्या बायकांत दोन आमच्या घरच्या होत्या आणि दोन शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याच्या घरच्या. जायच्या वेळी रझाकारांची भीती, यायच्या वेळी दुसऱ्यांची. आबा ही गोष्ट सांगताना पहिली निम्मी सगळ्यांसमोर सांगायचे, दुसरी निम्मी फक्त रात्री बाजेवर. पुस्तिकेत दोन्ही आल्या. काकांचा विरोध होता. पिंजाऱ्याच्या नातवाला विचारलं, तो म्हणाला, "नावं नका टाकू, गोष्ट टाका." तसं केलं.

मग घरातलं. भावाभावांची वाटणी, बांधाचा दावा, कुणाची दारू, मोडलेली सोयरीक. इथं आमचा नियम असा होता: ज्याच्याबद्दल लिहिलंय तो किंवा त्याची लेकरं हयात असतील, तर छापण्याआधी ते पान त्याला वाचून दाखवायचं. नको म्हणाला तर काढायचं. मात्र रेकॉर्डिंग पुसायचं नाही, ते वेगळ्या पेनड्राइव्हमध्ये ठेवायचं, वर लिहून: अमुक सालापर्यंत उघडू नये.

आबांची बाजू घ्यायची म्हणून त्यांचा कठोरपणा मात्र गाळू नका. आबांनी दोन्ही थोरल्या लेकींना चौथीतून काढलं, धाकटीला मात्र परभणीला वसतिगृहात ठेवलं. थोरली आत्या आजही म्हणते, "माझ्या वक्ताला आबा कुठं गेल्ते?" हे वाक्य आम्ही तिला विचारून छापलं. छापू का म्हटल्यावर ती म्हणाली, "छाप की. आबाला बी ठावं व्हतं." आणि मग तिनं सांगितलं की धाकटीचा निकाल लागला त्या दिवशी आबा पेढे घेऊन आधी थोरलीच्या सासरी गेले होते, काही न बोलता पुडा देऊन परत आले. तक्रार गाळली असती तर पुडाही गेला असता.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून सुरुवात करू नका. "आबांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला" या वाक्यानंतर पान उलटणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यांचा एक दिवस लिहा. पहाटे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी जाग येण्यापासून रात्री हरिपाठ म्हणता म्हणता झोप लागण्यापर्यंत. मग लहानपण, अठ्ठेचाळीस, लग्न, शेत, दुष्काळ, लेकरांची शिक्षणं, म्हातारपण. प्रत्येक भाग एखाद्या वस्तूवर किंवा प्रसंगावर उभा करा. म्हातारपणाला जागा द्या, लोक ते दोन ओळींत उरकतात. आबा ऐंशीनंतर मोबाइल वापरायला शिकले आणि फक्त लेकींना लावायचे, "जेवलीस का" एवढं विचारून ठेवून द्यायचे.

पहिला खर्डा झाल्यावर मी तो बायकोला वाचायला दिला. तिनं एकच प्रश्न विचारला: "आजीचं नाव कुठंय?" चाळीस पानांत आजी "पत्नी", "आई", "घरधनीण" होती. नाव एकदाही नव्हतं. हे तुमच्याही खर्ड्यात होणार, मी पैजेवर सांगतो. वंशावळीतही लेकी, नाती, त्यांची लेकरं घ्या. नुसत्या मुलांच्या फांद्या काढलेली झाडं फेरफाराला ठीक आहेत. लहानपणीच गेलेल्या लेकरांची नावंही घाला. आत्याच्या बोटाखाली सापडलेल्या त्या धाकटीचं नाव आता झाडावर आहे.

छपाई

फार सांगण्यासारखं नाही. मजकूर युनिकोडमध्येच टंकवून घ्या. जुन्या फाँटमधला मजकूर मोबाइलवर पाठवला की अक्षरांचा चिवडा होतो. पानं सोळाच्या पटीत ठेवली तर कागद वाया जात नाही. चौसष्ट पानांपर्यंत पिन मारून भागतं, पुढं पाठीला डिंकाची बांधणी लागते. आतला कागद साधा मॅपलिथो, फोटोंची चार-आठ पानं आर्ट पेपरची. मुद्रितं दोघांना वाचायला द्या, त्यातला एक घराबाहेरचा हवा. घरच्या माणसाला चुकलेलं आडनाव दिसत नाही. प्रती किती, हे तेरवीला आलेल्या माणसांवरून न ठरवता घरांवरून मोजा: दर घराला एक, शाळेला, गावच्या वाचनालयाला, आणि पंधरा जास्त. शेवटची चार पानं कोरी ठेवा.

पुण्यस्मरणाला कीर्तन असेल तर महाराजांना आधीच अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या, दोन-तीन ठळक गोष्टींची. नाहीतर तेही कष्टाळू, मनमिळाऊवर येतात. त्यांचा दोष नाही, त्यांना बिचाऱ्यांना दुसरं कुणी काही सांगतच नाही. आमच्या महाराजांनी सुकडीची गोष्ट घेतली. मांडवात मागं बसलेले कामावरचे दोन म्हातारे उठून उभे राहिले, "आम्ही व्हतो तितं" म्हणत. त्यांची नावं माझ्या वहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन त्यांच्याकडं गेलो.

सालगड्याच्या घरी पुस्तिका द्यायला मी स्वतः गेलो. तो बाजेवर पडून होता, त्याचा नातू मोठ्यानं वाचायला लागला. शेताचं प्रकरण आलं, बैलाचं नाव आलं आणि म्हातारा घशातून काहीतरी आवाज काढत मान हलवायला लागला. बायको जवळ जाऊन त्याच्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "नाव चुकलंय म्हणतेत. सर्ज्या न्हाई, तो शंकऱ्या. सर्ज्या मागून आला." उरलेल्या अकरा प्रतींत मी ते पेनानं दुरुस्त केलंय. वाटून झालेल्या प्रतींत अजून सर्ज्याच आहे.